काजळीचा पान्हा

आमच्या तळसंगीत गुडघेगाडी पहिल्यांदा आली ती श्रावणात. कागदावर तिचं नाव 'फिरतं सांधे उपचार केंद्र' असं होतं. गावानं पहिल्याच दिवशी तिला गुडघेगाडी म्हणायला सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत डॉक्टरीणबाईसुद्धा तेच म्हणू लागल्या. एस.टी.एवढी लांब, पांढरी गाडी. दर गुरुवारी दूध डेअरीच्या आवारात उभी राहायची. ती कोल्हापूरहून यायची, आणि आमचा हंगाम संपला की पुढं दुसऱ्या तालुक्यात जाणार होती.

मी दौलू खोत. वय अडुसष्ट. माझा डावा गुडघा पार गेलेला. आत हाडावर हाड घासायचं. चालायला काठी लागायची. खाली बसलो तर खांबाला धरून कसाबसा उठायचो.

चालता येत नव्हतं त्याचं मला फारसं काही नव्हतं. मला कुठं जायचंच नव्हतं. सतरा महिन्यांपूर्वी माझी बायको आक्काताई सकाळची धार काढून आली, चुलीपाशी बसली आणि बसल्या जागीच गेली. तेव्हापासून माझं जग घर आणि गोठा एवढंच होतं. पण गोठ्यात आमची म्हैस होती, काजळी, आणि तिची धार उकिडवं बसूनच काढावी लागायची. तिपाई घेऊन बघितली. गाडी आली त्याच श्रावणात तिनं लाथ मारली, मला वेळेवर उठता आलं नाही, आणि मी तिपाईसकट शेणात पडलो.

माझा मुलगा धैर्यशील डेअरीचा सेक्रेटरी आहे. त्या दिवशी त्यानं मला उचललं, अंघोळ घातली आणि मग म्हणाला, "आण्णा, आता बास. म्हैस काढायची."

"काढायची म्हंजे?"

"म्हंजे विकायची. मुरगूडचा एकजण मागतोय, दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीला त्याला देखणी म्हैस पायजे. आपण मशिनला लागणारी दुसरी आणू. सगळ्या गावाच्या म्हशी मशिनला दूध देत्यात. हिचीच काय नाटकं?"

"हिला मशिन चालत न्हाई."

"तिला तू सोडून कायच चालत न्हाई. मी धार काढायच्या वेळंला डेअरीत दूध घेत असतोय. तुझ्या सुनंला, तेजूला, सवय न्हाई. तू पडलास तर काय करायचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी फक्त एवढंच म्हणालो, "पाडव्यापर्यंत थांब. गुडघा दाखवून बघतो."

"पाडव्यापर्यंत," तो म्हणाला.

म्हणजे मला अडीच महिने होते. काजळी राहणार की जाणार हे माझ्या गुडघ्यावर होतं.

गुडघेगाडीच्या डॉक्टर आफरीन मुजावर. आमच्या मुलाहून लहान. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "आण्णा, कूर्चेची गादी बरीच झिजलीय, पण थोडी शिल्लक आहे. करून बघू."

त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. मी तीस वर्षं डेअरीला दूध घातलेला माणूस, मला ते लगेच समजलं. डेअरीत दुधाचा नमुना काचेच्या नळीत घालून यंत्रात गरगर फिरवतात. जड ते एकीकडं जातं, हलकं ते एकीकडं येतं, आणि फॅट किती ते दिसतं. रक्ताचंही तसंच. हातातून थोडं रक्त काढायचं, फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात, पिवळं पाणी वर येतं, आणि मध्ये एक पातळ थर राहतो. त्या थराच्या आसपास प्लेटलेट असतात. कुठं जखम झाली तर पहिल्यांदा त्याच पोचतात, आणि पोचल्यावर फुटून आपल्या पोटातलं औषध सोडतात. त्या गोळा करून दुखऱ्या सांध्यात टोचायच्या.

"हे इंजेक्शन माझ्या आईच्या वेळेलाही होतं," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला गुण यायचा, कुणाला अजिबात नाही. का, ते कळत नव्हतं. आता कळलंय. प्लेटलेट रक्तातून फिरताना वाटेतल्या अवयवांचे निरोप उचलतात. अगदी छोटे निरोप, पेशींनी पेशींना पाठवलेले. म्हणजे त्या पोस्टमन आहेत म्हणा. तुम्ही नुसते खुर्चीत बसला असाल तर त्यांच्या पिशवीत काही नसतं. पण तुमचं अंग जे काम आयुष्यभर करत आलंय, ते काम करून लगेच रक्त काढलं, तर पिशवी भरलेली असते. 'हा सांधा असा वाकतो, एवढं वजन घेतो, एवढी गादी लागते.' तो निरोप गुडघ्यात पोचला की गादी त्या मापानं वाढते."

"म्हंजे काम करून दाखवायचं?"

"मनापासून करायचं. काम झाल्यावर दहा मिनिटांच्या आत रक्त गाडीतल्या यंत्रात गेलं पाहिजे. यंत्र आकडा सांगतं. साठच्या वर आला तर टोचतो, खाली आला तर फेकून देतो. तुमच्या वयाला एका हंगामात तीनदाच रक्त घेता येतं. आणि एक लक्षात ठेवा. माणूस घाबरला, लाजला, चिडला, की रक्तात एक रसायन सुटतं. त्यानं प्लेटलेट वाटेतच फुटतात. पोस्टमननं पिशवी वाटेतच ओतून दिल्यासारखं होतं."

त्यामुळं गुरुवारी डेअरीचं आवार बघण्यासारखं असायचं. हौसाबाई चौगुले जात्यावर बसून दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या. त्यांचा आकडा सत्त्याहत्तर आला. एक जुना पैलवान घाम निघेपर्यंत बैठका मारायचा. माझा मित्र गुंडू तात्या चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवत होता. तो बंद ट्रॅक्टरवर बसून क्लच दाबायचा आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा. त्याला एकाहत्तर मिळाले. महिन्याभरात तो देवळाच्या पायऱ्या हात न टेकता चढू लागला आणि तेव्हापासून कुणाशी नीट बोलेना.

माझ्यासाठी डॉक्टरांनी रबरी सड असलेली एक पिशवी मागवली होती. मी खाली बसलो, वीस मिनिटं पिळलं, रक्त दिलं. आकडा आला एकतीस.

"पिशवी हाय ती," मी म्हणालो. "पिशवीला काय कळतंय."

"मग म्हैस आणा," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी मी काजळीला डेअरीत नेलं. तिच्याखाली बसलो. तिनं मान वळवून मला हुंगलं, पान्हा चोरला, म्हणजे दूध वर ओढून धरलं, आणि भांड्याला अशी लाथ मारली की ते गुंडू तात्याच्या ट्रॅक्टरखाली गेलं. सगळं आवार हसलं. मला घाम फुटला. रक्त काढलं तर आकडा बावीस.

डॉक्टरांनी गाडीचं दार लावून घेतलं. "आण्णा, आता एकच वेळ राहिली. खरं सांगा. घरी ही तुम्हाला दूध देते ना?"

"देती की."

"मग इथं काय वेगळं होतं?"

मी काठी बाजूला ठेवली. मग सांगून टाकलं. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.

काजळी आक्काताईच्या हातची. पहिल्या वेतापासून तिनं दुसऱ्या कुणाला सडाला हात लावू दिला नाही. आक्काताई गेली त्या संध्याकाळी म्हैस तटतटलेली, ओरडत होती, आणि घरात माणसं जमलेली. मी गोठ्यात गेलो. आक्काताईची गोठ्यातली साडी खुंटीला तशीच होती, हिरवी, शेणाचे डाग असलेली. मी दार लावलं, ती साडी अंगाला गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि खाली बसलो. काजळीनं हुंगलं आणि दूध सोडलं. तेव्हापासून दोन्ही वेळ मी तेच करतोय. दार लावून. पडलो त्या दिवशीसुद्धा आधी साडी सोडून लपवली, मग धैर्यशीलला हाक मारली. साडी कधी धुतलेली नाही, कारण वासावरच सगळं आहे.

डॉक्टर हसल्या नाहीत. "मग साडी नेसून काढा."

"हितं?"

"गाडी तुमच्या बोळात जात नाही. इथंच काढावी लागेल."

"सगळ्या गावासमोर?"

"आणि न लाजता," त्या म्हणाल्या. "ते जास्त अवघड आहे, मला माहीत आहे."

रात्री जेवताना मी घरात सांगितलं. धैर्यशीलचा घास हातातच राहिला.

"आण्णा, ती माझी डेअरी हाय. दोनशे सभासद. उद्या मीटिंगला उभा राहिलो तर मागनं कोण तरी पदर घेऊन दाखवंल."

"दाखवू दे."

"तुला लाज न्हाई वाटत?"

"वाटती. तिचाच तर घोळ हाय. वाटली की आकडा पडतोय."

तेजू, म्हणजे माझी सून तेजस्विनी, कोल्हापुरात राजारामपुरीत वाढलेली मुलगी. ती ताटाकडं बघत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"साडीचं. एकदा दाराच्या फटीतून दिसलं. वर्ष झालं." मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमी नका येऊ बाहेर. ऑफिसात बसा. आण्णा जाणार."

तो ताट सारून उठला. पण नाही म्हणाला नाही.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी मी साडी घ्यायला गोठ्यात गेलो तर खुंटी रिकामी. तेजू घडी घेऊन आली. इस्त्री केलेली. शेणाचा डाग गायब. साडीला कसल्यातरी फुलांच्या साबणाचा वास येत होता.

"आण्णा, चार माणसांत जाणार तुमी. म्हणून मी रात्रीच धुतली. आत्तींची साडी, चांगली दिसायला पायजे."

मी घडी नाकाशी नेली. तिनं माझं तोंड बघितलं आणि तिला कळलं. तिचे डोळे भरले.

"वास," ती म्हणाली. "अगं आई गं. वास गेला."

"चल," मी म्हणालो. "बघू काय हुतंय."

साडी मी नीट नेसलो नव्हतोच कधी, नुसती गुंडाळायचो. तेजूनं मला आवाराच्या कोपऱ्यात ती नेसवली, निऱ्या काढून, पदर डोक्यावर घेऊन. मी बाहेर आलो तेव्हा जातं थांबलं. पैलवान बैठकीत अर्ध्यावर राहिला.

"वैनी आल्या गा!" गुंडू तात्या ट्रॅक्टरवरून ओरडला. "वैनी, मिशी काढायची राहिली!"

आवार हशानं फुटलं. ऑफिसाच्या खिडकीत धैर्यशील दिसला. त्यानं खिडकी ओढून घेतली.

मी काजळीखाली बसलो. गुडघा कडकडला. तिनं मान वळवली, पदर हुंगला, आणि जोरात फुरफुरली. तिला तो साबण अजिबात आवडला नाही. तिनं पाय उचलला. मी भांडं मागं घेतलं. सडाला हात लावला तर कोरडे. पान्हा वर.

सुई घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टर हळू म्हणाल्या, "आण्णा, श्वास घ्या. शांत."

मी काय शांत होणार? हातातली शेवटची वेळ चालली होती. मुरगूडचा माणूस डोळ्यांपुढं दिसायला लागला.

आणि मला आठवलं की साडी सतरा महिने होती, पण एक गोष्ट सतरा महिने नव्हती. आक्काताई धार काढताना बोलायची. सारखी. माझी खाट भिंतीच्या अलीकडं आणि गोठा पलीकडं. मी झोपलोय असं तिला वाटायचं. मी जागा असायचो. चारचौघांत ती मला 'अवो' म्हणायची, नावसुद्धा घेत नव्हती. म्हशीपाशी मात्र मी दौल्या होतो. ती माझ्याबद्दलची गाऱ्हाणी सांगायची आणि म्हैस ऐकत दूध सोडायची.

मी तोंड काजळीच्या पोटाशी नेलं. हळूच म्हणालो, "सोड गं बाई पान्हा. तुझा मालक बग कसा पसरलाय रेड्यागत."

काजळीचा कान हलला.

"काल बाजारला लावून दिला. मेथी आण म्हटलं तर कोथिंबीर घिऊन आला. पस्तीस वर्सं झाली, दौल्याला मेथी कळंना."

दुसरा कान हलला. मी आवाज वाढवला. तिच्यासारखाच हेल काढला, कारण तो मला पाठ होता.

"पाव्हणं आलं की म्हंतोय, हिच्या हातचं पिठलं खावा. आणि मला म्हंतोय का कधी? न्हाई! जिभंला काय गळू झालंय? तुझं बरं हाय गं काजळे. तुला माश्या हाकाय शेपूट तरी हाय. मला काय हाय? दौल्या हाय!"

हौसाबाई जात्यावरून ओरडल्या, "अगं बया, आक्काताईच की ही! अस्संच बोलायची!"

सगळे हसत होते, पण आता ते हसणं वेगळं होतं. ते तिच्यासाठी होतं. आणि मला हसू आलं. आवरेना. पोटापासून आलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच वेळी हाताखालचे सड फुगले. पहिली धार भांड्यात वाजली, मग दुसरी. मी बोलत होतो, हसत होतो आणि पिळत होतो. आठवतील तेवढी गाऱ्हाणी सांगितली. घोरण्याचं, ओल्या टॉवेलचं, तिच्या भावाच्या लग्नात जेवणावरून रुसून बसलो त्याचं. माझ्या लाजेचं काय झालं ते मला ठाऊक नाही. मी तिकडं लक्ष द्यायला मोकळाच नव्हतो.

भांडं भरत आलं तेव्हा शेजारी दुसरं भांडं आलं. वर बघितलं तर धैर्यशील. त्याचे डोळे लाल होते.

"आण्णा," तो म्हणाला, "चष्म्याचं र्‍हायलं. तिरुपतीला चष्मा दानपेटीत पडला त्याचं. आई रोज सांगायची."

"तू पण ऐकायचास?"

"मी पण भिंतीला लागूनच झोपायचो की."

डॉक्टरांनी मला जागेवरच बसवून रक्त घेतलं आणि गाडीत पळाल्या. सगळं आवार गाडीच्या दाराकडं बघत उभं राहिलं. मी साडीतच होतो. कुणीतरी चहा आणून दिला, मी पदर सांभाळून प्यायला.

दार उघडलं. "अठ्ठ्याऐंशी!" डॉक्टर ओरडल्या.

पैलवानानं मला खांद्यावर उचललं, साडीसकट. गुंडू तात्या एकाहत्तरवाला, तो तेवढा ट्रॅक्टरवरून उतरला नाही. मग तोही आला आणि म्हणाला, "वैनी, आता मला ट्रॅक्टरवर तुमचाच एक फोटो लावायला द्या." त्याच दुपारी इंजेक्शन झालं, आणि धैर्यशीलनं माझ्यासमोर मुरगूडला फोन लावून सांगितलं की म्हैस विकायची नाही.

इंजेक्शननंतर डॉक्टरांनी सहा आठवडे उकिडवं बसायला बंदी घातली. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

"मग धार कोण काढणार?" मी विचारलं.

"वास मी घालवला," तेजू म्हणाली. "मीच काढणार."

पहिल्या दिवशी तिनं पंजाबी ड्रेसवरून ती साडी गुंडाळली आणि भांडं घेऊन आत गेली. मी खाटेवर पडून ऐकत होतो. भांडं दोनदा इकडचं तिकडं सरकलं. मग तिचा आवाज आला.

"काजळी, मला काय बोलायचं तेच सुचंना गं. आमचे सासरे आहेत ना... चांगले आहेत. पण मी लग्न होऊन आले त्याला पाच वर्षं झाली. भाजी चांगली झाली असं एकदा पण म्हटलं नाही त्यांनी. आधी मीठ घेतात, मग चव बघतात."

भांड्यात थोडीशी धार वाजली. अर्धा लिटर निघालं त्या दिवशी.

दुपारी जेवताना मी मिठाला हात लावला नाही. म्हणालो, "वांग्याची भाजी चांगली झालीया."

तेजूला ठसका लागला. धैर्यशीलनं तिला पाणी दिलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि तिचे कान लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी ती थांबली नाही. उलट आवाज जरा मोठा केला. मला ऐकू यावं एवढा. माझी खोकल्याची सवय, दार उघडं टाकायची सवय, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणायची सवय, सगळं तिनं म्हशीला सांगितलं. मी एकेक सुधारत गेलो. सगळ्या सुधारता आल्या नाहीत, पण तिच्याकडं सांगायला काहीतरी राहायला पाहिजे. आठव्या दिवशी काजळीनं पुरतं दूध दिलं.

सहा आठवड्यांनी गुरुवारी डॉक्टरांनी मला गाडीत उकिडवं बसवलं. "उठा." मी उठलो. "परत." परत उठलो. काठी मी गाडीतच विसरून घरी आलो.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. मी तेजूला म्हणालो, "आज मी." साडी गुंडाळली, आत गेलो, काजळीखाली झोकात बसलो. गुडघा लोण्यासारखा वाकला. मी सुरू केलं, "सोड गं बाई पान्हा, तुझा मालक बग..."

काजळीनं मला हुंगलं. मग मान उंच करून दाराकडं बघितलं आणि रेकली. सड कोरडे. मी दौल्याची सगळी गाऱ्हाणी पुन्हा सांगितली, चष्म्यासकट. तिनं माझ्याकडं लक्षच दिलं नाही.

दारात तेजू उभी होती, कमरेवर हात ठेवून. "आण्णा, उठा."

"अगं, माझा गुडघा आता..."

"गुडघा चांगला झालाय, दिसतंय मला. तिला मी लागते आता. उठा, साडी द्या."

मी उठलो, हात न टेकता. साडी दिली. बाहेर आलो. ज्यासाठी गुडघा बरा केला ते काम आता माझं राहिलं नव्हतं, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी अंगणातच थांबलो.

आत धार सुरू झाली. तेजू म्हशीला सांगत होती, "बघितलंस का काजळी, आल्या आल्या तुझ्यावर हक्क सांगायला लागले. आता पायात जोर आलाय तर उद्यापासून बाजाराला तेच जाणार बघ. आणि मेथीच आणणार."

मी भिंतीबाहेर उभा राहून सगळं ऐकलं, भांडं भरेपर्यंत. आणि मग लक्षात आलं की एवढा वेळ मी भिंतीला टेकलोसुद्धा नव्हतो.